रक्ताचा दगड का होत नाही?

बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरात गिझर काही वर्षांतच कुरकुरू लागतो. इलेक्ट्रिशियन कॉइल बाहेर काढतो तेव्हा तिच्यावर पांढरट, खरबरीत थर चढलेला दिसतो. हाच थर नळाच्या तोटीला धरतो, बादलीच्या आतल्या बाजूला धरतो, फरशीच्या सांध्यांत बसतो. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम संधी मिळताच घट्ट होऊन चिकटते. आपण ‘पाण्यात क्षार फार आहे’ म्हणतो आणि खरवडायला बसतो.

आपल्या रक्तातही कॅल्शियम असते, दर १०० मिलिलीटरमागे साधारण ९ ते १० मिलिग्रॅम. सोबत फॉस्फेटही असते. ही दोन द्रव्ये एकत्र आली की हाडाचे खनिज बनते. रक्तात त्यांचे प्रमाण इतके आहे की हाडाच्या खनिजाच्या हिशेबाने रक्त हे अतिसंपृक्त द्रावण ठरते, म्हणजे सहज विरघळून राहील त्यापेक्षा जास्त माल त्यात भरलेला आहे. असे असूनही रक्त आयुष्यभर वाहते राहते. दगड बनतो तो फक्त हाडांत आणि दातांत. शेजारच्या स्नायूत, कातडीत किंवा निरोगी रक्तवाहिनीत बनत नाही. असे का व्हावे?

या प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्या शास्त्रज्ञांत एक नाव ठळक आहे, विल्यम न्यूमन. हाडांच्या संशोधनातला एक मोठा सन्मान त्यांच्या नावाने दिला जातो. त्यांच्या प्रयोगशाळेत या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरातून पुढे हाडे ठिसूळ होण्यावरची औषधे निघाली. ती आज जगभर लाखो लोक घेतात.

पुरस्कार आणि त्यामागचा माणूस

‘अमेरिकन सोसायटी फॉर बोन अँड मिनरल रिसर्च’ ही हाडे आणि शरीरातली खनिजे यांचा अभ्यास करणाऱ्यांची संस्था. ती १९७७ मध्ये स्थापन झाली. संस्थापक सदस्यांपैकी एक असलेल्या न्यूमन यांच्या नावाने १९८१ पासून ‘विल्यम एफ. न्यूमन पुरस्कार’ दिला जाऊ लागला. संस्थेचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत मानाचा पुरस्कार. तो देताना दोन गोष्टी पाहिल्या जातात. हाडे आणि खनिजे या क्षेत्रात त्या व्यक्तीने मोठी वैज्ञानिक भर घातली आहे का, ही पहिली. शिकवणे, संशोधन आणि संस्था चालवणे या कामांतून तिने सहकाऱ्यांना आणि शिकाऊ संशोधकांना काय दिले, ही दुसरी.

न्यूमन न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात काम करत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी युरेनियम हाताळले जात होते आणि ते माणसाच्या शरीरात गेले तर काय होते, याचा अभ्यास रॉचेस्टरमध्ये चालू होता. युरेनियमचा काही भाग हाडांत जाऊन बसतो, असे दिसत होते. न्यूमन यांनी हे कसे घडते ते शोधायला घेतले. हाडाच्या स्फटिकांच्या पृष्ठभागावरचे कॅल्शियम सुटते आणि त्याची जागा युरेनियम घेते, असे त्यांना आढळले.

त्यातून हाडाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. सांगाडा म्हणजे एकदा उभारून ठेवलेला निर्जीव खांब, ही समजूत टिकेना. हाडाच्या पृष्ठभागाची रक्ताशी सतत देवघेव चालू असते. विल्यम आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट न्यूमन यांनी या देवघेवीवर मिळून लिहिलेला ‘द केमिकल डायनॅमिक्स ऑफ बोन मिनरल’ हा ग्रंथ १९५८ मध्ये शिकागो विद्यापीठाने प्रसिद्ध केला.

हाड कशाचे बनते?

हाडात मुख्यतः दोन गोष्टी असतात. पहिली कोलॅजन, म्हणजे दोरीसारखे पिळलेले प्रथिनांचे तंतू. दुसरी कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे स्फटिक. या खनिजाला हायड्रॉक्सीॲपेटाइट म्हणतात. तंतूंमुळे हाडाला चिवटपणा येतो, स्फटिकांमुळे टणकपणा. शाळेत कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवण्याचा प्रयोग करतात. आम्लात खनिज विरघळते आणि उरलेले हाड हाताने वाकवता येते. उलट हाड भट्टीत जाळले तर तंतू जळून जातात. मागे उरते ते खनिज, आणि ते चिमटीत धरताच भुगा होते.

हे स्फटिक फार बारीक असतात. त्यांची जाडी काही नॅनोमीटरच भरते, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. वस्तूचे तुकडे जितके बारीक, तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा. त्यामुळे हाडातल्या एका ग्रॅम खनिजाचा पृष्ठभाग शंभर चौरस मीटरच्या आसपास भरतो. एखाद्या प्रशस्त फ्लॅटच्या फरशीएवढे क्षेत्र चिमूटभर पुडीत मावलेले असते. शरीरातल्या साधारण एक किलो कॅल्शियमपैकी ९९ टक्के सांगाड्यात असते. म्हणजे रक्तातून आलेल्या एखाद्या द्रव्याला चिकटायला केवढी जागा मिळत असेल, याची कल्पना करता येते.

सुरुवात कोण करते आणि अडवते कोण?

अतिसंपृक्त द्रावणात स्फटिक आपोआप बनतीलच असे नाही. पहिला कण जमणे सर्वांत अवघड असते. एकदा तो जमला की पुढची भर झपाट्याने पडते. म्हणून स्फटिकाला आधार लागतो, रेणू नेमक्या जागी रचले जातील असा पृष्ठभाग लागतो. शरीरात हा आधार कोलॅजन देते, असे न्यूमन यांचे म्हणणे होते.

इथे हर्बर्ट फ्लाइश यांचा प्रवेश होतो. स्वित्झर्लंडचे हे तरुण डॉक्टर न्यूमन यांच्याकडे काम करायला रॉचेस्टरला आले होते. रक्तात असते तेवढे कॅल्शियम आणि फॉस्फेट असलेल्या द्रावणात कोलॅजन ठेवले तर त्यावर स्फटिक धरतात, हे दोघांनी पाहिले. त्याबरोबर नवी अडचण उभी राहिली. कोलॅजन काही फक्त हाडात नसते. ते कातडीत आहे, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांत आहे, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही आहे. कोलॅजन पुरेसे असते तर आपली कातडी कधीच दगडी झाली असती.

याचा अर्थ स्फटिक धरू न देणारे काहीतरी शरीरात असले पाहिजे. रक्तद्रव आणि लघवी तपासल्यावर दोन्हींत तसा गुण दिसला. पण ते द्रव्य कोणते? धागा मिळाला तो पाण्याच्या कारखान्यांतून. पाइपांत आणि बॉयलरमध्ये थर बसू नये म्हणून दुष्फेन पाण्यात, म्हणजे ज्यात साबणाला फेस येत नाही अशा पाण्यात, पॉलिफॉस्फेट नावाची द्रव्ये टाकण्याची पद्धत उद्योगांत आधीपासून होती. फॉस्फेटचे घटक साखळीने जोडले की पॉलिफॉस्फेट होते. पाइपातला थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, हाडाचे खनिज कॅल्शियम फॉस्फेटचे. तरी अडवण्याची रीत एकच. रोधक द्रव्य नुकत्याच जमू लागलेल्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटते, आणि मग पुढच्या कणाला तिथे बसायला जागा राहत नाही. त्यामुळे फार थोडे द्रव्यही पुरते.

१९६१ मध्ये फ्लाइश आणि न्यूमन यांनी कोलॅजन, पॉलिफॉस्फेट आणि फॉस्फेटेज या तिघांची सांगड घालणारा निबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी लघवीतून असे द्रव्य वेगळे काढले गेले. ते होते पायरोफॉस्फेट, दोनच फॉस्फेट जोडून झालेली सर्वांत लहान साखळी.

फॉस्फेटेज हे विकर, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रियेला वेग देणारे प्रथिन. लंडनचे रॉबर्ट रॉबिसन यांनी ते हाडात असल्याचे १९२३ मध्येच दाखवले होते. हे विकर हाडाला फॉस्फेट पुरवत असावे, असा त्यांचा तर्क होता. फ्लाइश आणि न्यूमन यांच्या मांडणीत त्याचे आणखी एक काम पुढे आले. हे विकर पायरोफॉस्फेट तोडते. सगळ्या शरीरात रोधक द्रव्य आहे, पण हाड जिथे घडते तिथे ते मोडून टाकणारे विकरही आहे. म्हणून तिथेच खनिज धरते.

निसर्गाने दिलेले पुरावे

ही मांडणी बरोबर असेल तर दोन गोष्टी घडायला हव्यात. विकर नसेल तर पायरोफॉस्फेट साठेल आणि हाडे मऊ राहतील. पायरोफॉस्फेट नसेल तर जिथे नको तिथे खनिज धरेल. दोन्ही गोष्टी घडतात. दोन्ही दुर्मीळ आनुवंशिक आजार आहेत.

पहिल्या आजाराचे नाव हायपोफॉस्फेटेशिया. जनुकातल्या बिघाडामुळे फॉस्फेटेज पुरेसे बनत नाही. तीव्र आजार असलेल्या बाळांची हाडे इतकी मऊ असतात की बरगड्यांना छातीचा भार पेलत नाही आणि श्वास घेणे कठीण होते. हेच विकर बाहेरून देणारे औषध २०१५ मध्ये उपलब्ध झाले आणि अशा बाळांच्या हाडांत खनिज भरू लागले.

दुसरा आजार उलट्या बाजूचा. पेशींबाहेर पायरोफॉस्फेट तयार करणारे एक विकर असते. त्याचे जनुक बिघडलेले असेल तर जन्माच्या आसपासच बाळाच्या धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साठते आणि हृदयावर प्राणघातक ताण येतो. रक्ताचा दगड का होत नाही, या प्रश्नाचे याहून थेट उत्तर प्रयोगशाळेतही मिळणे कठीण.

पाइपातल्या थरापासून औषधाकडे

फ्लाइश स्वित्झर्लंडला परतले आणि आधी दाव्होस, मग बर्न इथे काम करू लागले. नको तिथे कॅल्शियम साठत असेल तर पायरोफॉस्फेट औषध म्हणून द्यावे, असा साधा विचार होता. पण ते तोंडाने दिले की आतड्यातच तुटे आणि टोचून दिले तरी शरीरातली विकरे त्याचा फडशा पाडत. स्फटिकाला तसेच चिकटणारे, पण विकरांना न तुटणारे द्रव्य हवे होते.

ते रसायनशास्त्रज्ञांकडे आधीपासून होते. पायरोफॉस्फेटमध्ये दोन फॉस्फरस अणूंच्या मध्ये ऑक्सिजनचा अणू असतो आणि विकर तिथेच घाव घालते. त्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन बसवला की जोड पक्का होतो. अशा द्रव्यांना बिस्फॉस्फोनेट म्हणतात. ती एकोणिसाव्या शतकापासून माहीत होती आणि उद्योगांत पाण्यातल्या क्षारांचा थर रोखायला वापरलीही जात होती. साबण आणि टूथपेस्ट बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत मॅरियन फ्रान्सिस यांना त्यांत रस होता. फ्लाइश, फ्रान्सिस आणि ब्रिटनचे ग्रॅहम रसेल यांचे निबंध १९६९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले.

त्या प्रयोगांत एक अनपेक्षित गोष्ट दिसली. ही द्रव्ये स्फटिक धरू देत नव्हती, आणि धरलेला स्फटिक विरघळूही देत नव्हती. प्राण्यांमध्ये तर हाड झिजण्याचा वेग कमी झाला. शोध चालू होता नको तिथला दगड रोखण्याचा, आणि हाती आला हवे ते हाड टिकवण्याचा उपाय.

बिगारी आणि गवंडी

हे कसे होते ते समजायला हाडातली रोजची दुरुस्ती पाहावी लागेल. जुन्या वाड्याच्या भिंतीची डागडुजी जशी टप्प्याटप्प्याने चालते, तसेच काम हाडात अखंड चालू असते. आधी बिगारी येतात आणि पोकळ झालेला गिलावा खरवडून काढतात. मागून गवंडी येतात आणि नवा गिलावा भरतात. कुठे काम काढायचे हे मुकादम सांगतो. हाडातल्या बिगाऱ्यांचे नाव ऑस्टिओक्लास्ट. या मोठ्या पेशी हाडाला चिकटून आम्ल आणि विकरे सोडतात आणि जुने हाड विरघळवतात. गवंड्यांचे नाव ऑस्टिओब्लास्ट. ते कोलॅजन विणतात आणि त्यात खनिज भरवतात. हाडात खोल बसलेल्या ऑस्टिओसाइट या पेशी मुकादम. हाडावर पडणारा ताण त्यांना जाणवतो आणि त्या दोघांना इशारे देतात. या पद्धतीने प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी नवा होतो.

खरवडणे आणि भरणे सारखे चालले की हाड जागच्या जागी राहते. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटते आणि बिगाऱ्यांवरचा लगाम सुटतो. ते वेगाने खरवडतात, गवंडी मागे पडतात. हाडाचा आतला जाळीदार भाग विरळ होतो आणि शेवटी घरातल्या घरात घसरून पडल्यावर खुब्याचे हाड मोडते. पाळी थांबल्यानंतरच्या या आजाराचे वर्णन बोस्टनचे फुलर ऑल्ब्राइट यांनी १९४१ मध्ये केले. त्यांच्याही नावाने हीच संस्था तरुण संशोधकांना पुरस्कार देते.

बिस्फॉस्फोनेट हाडाच्या विशाल पृष्ठभागावर चिकटून बसते. बिगारी त्या जागी आम्ल सोडतो तेव्हा औषध सुटते आणि त्याच्याच पोटात जाते. आत गेल्यावर पेशी चालू ठेवणारी एक आवश्यक रासायनिक वाट बंद पडते. बिगारी काम सोडतो आणि पुष्कळदा मरतो. म्हणजे औषधाचा मारा मुख्यतः हाड खाणाऱ्या पेशीवरच होतो. या गटातले ॲलेंड्रोनेट अमेरिकेत १९९५ मध्ये ठिसूळ हाडांसाठी मान्य झाले. मणक्याचे एक तरी हाड आधी मोडलेल्या २०२७ स्त्रियांवर तीन वर्षे चाललेली चाचणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांत मणक्याचे नवे अस्थिभंग आणि खुब्याचे अस्थिभंग जवळजवळ निम्म्यावर आले होते.

गोळी उपाशीपोटीच का?

आठवड्यातून एकदा ही गोळी घेणाऱ्या आजींना डॉक्टर बजावतात. सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी गिळायची. त्यानंतर निदान अर्धा तास काही खायचे नाही आणि आडवेही व्हायचे नाही. यातल्या प्रत्येक सूचनेला कारण आहे.

हे औषध कॅल्शियमला घट्ट धरते. चहातल्या दुधाचे किंवा नाश्त्यातले कॅल्शियम पोटात असेल तर गोळी त्यालाच चिकटून बसते आणि शरीराबाहेर जाते. एरवीही ती फार कमी शोषली जाते, शंभरातला एक भागही नाही. म्हणून कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घ्यायची नसते. आडवे होऊ नये, कारण गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. ज्यांना हे पथ्य जमत नाही त्यांच्यासाठी याच गटातले झोलेड्रोनिक ॲसिड वर्षातून एकदा शिरेतून देतात.

औषध हाडात वर्षानुवर्षे राहते, ही जमेची बाजू आहे आणि जपण्याचीही. बिगारी फार काळ बसून राहिले तर जुन्या हाडातल्या बारीक भेगा दुरुस्त होत नाहीत. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या थोड्या रुग्णांत मांडीचे हाड वेगळ्याच प्रकारे मोडते, तर काहींच्या जबड्याचे हाड दात काढल्यानंतर भरून येत नाही. म्हणून तीन ते पाच वर्षांनी औषध चालू ठेवायचे की थांबवायचे, हे डॉक्टर नव्याने ठरवतात. मांडीत दुखू लागले किंवा दात काढायचा झाला तर त्यांना सांगितलेच पाहिजे. गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये आणि थांबवूही नये.

चौकट : थोडक्यात

* रक्त हाडाच्या खनिजाच्या दृष्टीने अतिसंपृक्त असते, पण पायरोफॉस्फेट त्याचे स्फटिक धरू देत नाही.
* हाड घडते तिथे फॉस्फेटेज हे विकर पायरोफॉस्फेट तोडते, म्हणून तिथेच खनिज भरते.
* पायरोफॉस्फेटमधल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन बसवला की न तुटणारे बिस्फॉस्फोनेट होते.
* हे औषध हाडाला चिकटते आणि हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना थांबवते.
* न्यूमन पुरस्कार १९८१ पासून दिला जातो. त्यात वैज्ञानिक कामगिरीइतकेच माणसे घडवण्याला महत्त्व आहे.

पुरस्काराचा दुसरा निकष

न्यूमन यांनी बिस्फॉस्फोनेट शोधले नाही. त्यांनी हाडाच्या स्फटिकांचे वर्तन समजून घेतले, प्रश्न नेमका मांडला आणि परदेशातून आलेल्या तरुण डॉक्टरला त्यावर काम करू दिले. फ्लाइश तो प्रश्न बर्नला घेऊन गेले. रसेल आणि त्यांच्यानंतरच्या पिढीने औषध पेशीच्या आत नेमके काय करते ते १९९०च्या दशकात उलगडले. महायुद्धातल्या युरेनियमच्या अभ्यासापासून औषधाच्या दुकानातल्या गोळीपर्यंत पन्नासेक वर्षे गेली. इतक्या लांबच्या वाटचालीत कोणा एकाचा वाटा वेगळा काढून त्याच्या गळ्यात पदक घालता येत नाही.

म्हणूनच या पुरस्काराच्या निकषांत सहकाऱ्यांना आणि शिकाऊ संशोधकांना दिलेले योगदान असणे मला फार मोलाचे वाटते. पुरस्कारांच्या बातम्यांत आपण शोध आणि शोधकर्ता एवढेच वाचतो. कोणाच्या प्रयोगशाळेत कोण शिकले आणि कोणता प्रश्न पुढच्या हाती गेला, हे सहसा बातमीत येत नाही. आपल्या विद्यापीठांतही प्राध्यापकाचे मोल प्रसिद्ध झालेल्या निबंधांच्या संख्येवर ठरते. त्याच्याकडे शिकलेल्यांनी पुढे काय केले, हे मोजायला वेळ लागतो आणि ते एका वर्षाच्या अहवालात मावत नाही. हाडांच्या शास्त्राने ते मोजायचे ठरवले, आणि त्या शास्त्रातले एक मोठे औषध तशाच रीतीने घडले आहे. विज्ञानाचा कोणताही सन्मान जाहीर झाला की मानकऱ्याने काय शोधले याबरोबर त्याने कोणाला शिकवले, हेही विचारायला हवे.